निथळलेले पाणी

मराठीत सूप म्हटले की धान्य पाखडायचे सूप आठवावे; ते संस्कृतातल्या ‘शूर्प’ या शब्दावरून आले. संस्कृतात ‘सूप’ असा दुसरा स्वतंत्र शब्द आहे आणि त्याचा अर्थ डाळीचे वरण किंवा पातळ कालवण, म्हणूनच तिथे स्वयंपाक्याला ‘सूपकार’ असेही नाव आहे. इंग्रजी सूपशी त्याचे काही नाते आहे की तो निव्वळ उच्चाराचा योगायोग, हे मी सांगू शकत नाही. तरीही लग्नकार्यात दारातच हाती ठेवले जाणारे, कॉर्नफ्लोअरने खळीसारखे झालेले टोमॅटो सूप पिताना मला त्या सूपकाराची हटकून आठवण येते.

आमच्या घरी सूप या नावाने कधी काही शिजले नाही. शिजले ते कट, कळण आणि पेज, आणि यांतले एकही मुद्दाम ठरवून केलेले नव्हते. पुरणासाठी डाळ शिजली की कट निघे, उसळीसाठी मटकी शिजली की कळण निघे, आणि पेज तर भाताबरोबर आपोआपच येई. आजारी माणसासाठी मूग मऊ शिजवून, घोटून, गाळून केलेले कढण तेवढे याला अपवाद.

यांतले माझे सर्वांत आवडते कळण. मोड आलेली वाटीभर मटकी चार-पाच वाट्या पाण्यात उघड्या पातेल्यात शिजवायची, कारण कुकरमध्ये तिचा गाळ होतो आणि मग ना धड उसळ होते ना धड कळण. दाणा बोटाने दाबला जाऊ लागला की मटकी निथळून घ्यायची. खाली जे तपकिरी, किंचित गोडसर आणि मातकट वासाचे पाणी उरते, ते पाहून कोणाच्याही तोंडाला पाणी सुटणार नाही, हे मान्य करायला हवे. पण त्यात आले आणि हिरवी मिरची वाटून घातली, मीठ आणि चिमूटभर साखर टाकली, वरून तुपात जिरे आणि हिंग तडतडवून ओतले की त्याच पाण्याला चेहरा येतो. ताक मात्र पातेले खाली उतरवून, कळण थोडे निवल्यावरच घालावे; उकळत्या कळणात ते फुटते आणि मग कितीही ढवळले तरी चोथा आणि पाणी एक होत नाहीत. फिरून गरम करायचे असेल, तर ताकाला आधीच चमचाभर बेसन लावून ठेवावे. कोकणात कुळथाचेही कळण करतात; ते अधिक दाट, अधिक उग्र आणि पावसाळ्यात अधिक लागू पडणारे असते.

टोमॅटोच्या साराबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. टोमॅटो उकडून, वाटून, गाळून घ्यावेत, नारळाचे दूध शेवटी घालावे आणि नंतर खळखळून उकळू देऊ नये, एवढे पाळले की ते सहसा बिघडत नाही.

कटाची गोष्ट वेगळी आहे. नोकरीनिमित्त एकटा राहत असताना एका होळीला मी पहिल्यांदाच पुरण घातले. हरभऱ्याची डाळ बोटचेपी शिजली होती, गूळ मोजून ठेवला होता, जायफळही किसून तयार होते. डाळ चाळणीत ओतली, पाणी निथळू दिले आणि विजयी मुद्रेने आईला फोन लावला. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “चाळणीखाली काय ठेवलं होतंस रे?”

चाळणीखाली मोरी होती.

आई हसली नाही, हे विशेष. चाळणीतली मूठभर डाळ बाजूला काढून गरम पाण्यात चांगली घोटायला तिने सांगितले. भाजलेले सुके खोबरे आणि जिरे वाटून, चिंचगूळ आणि गोडा मसाला घालून मी ती उकळली, आणि आमटी वाईट झाली नाही. पण कटाच्या आमटीवर तेलाची तांबूस तर्री असते आणि तिच्याखाली पाण्याइतके पातळ तरीही भरदार असे जे काही असते, ते या आमटीत उतरले नाही. ती साधी डाळीची आमटीच राहिली. दुसऱ्या दिवशी मुरल्यावरही तशीच राहिली.

आता पास्ता निथळायचा असला, तरी माझा हात चाळणीच्या आधी पातेल्याकडे जातो.