चिक हर्नच्या शेजारची खुर्ची

लॉस अँजेलिसला मेट्रोच्या ए किंवा ई लाइनने पिको स्थानकात उतरा. काही जुन्या नकाशांत याच स्थानकाचं नाव 'पिको/चिक हर्न' असं छापलेलं दिसेल. फ्लॉवर स्ट्रीटवरून उत्तरेला अकराव्या रस्त्यापर्यंत चालायचं आणि डावीकडे वळायचं. फिगरोआ स्ट्रीट ओलांडला की अकराव्या रस्त्याच्या पाटीवरचं नाव बदलतं: चिक हर्न कोर्ट. हर्न हे लेकर्स या इथल्या बास्केटबॉल संघाच्या सामन्यांचं रेडिओ आणि टीव्हीवर वर्णन करायचे. डाव्या हाताला लेकर्सचं मैदान. आधी ते स्टेपल्स सेंटर होतं, डिसेंबर २०२१पासून क्रिप्टो डॉट कॉम अरीना. स्थानकापासून हे सगळं दहा मिनिटांच्या आत.

खेळाडूंच्या नावाचे रस्ते गावोगावी असतात. सामन्याचं वर्णन करणाऱ्या माणसाचं नाव मैदानाच्या दारातल्या रस्त्याला देणारं शहर विरळा. या शहरात तर असे दोन रस्ते आहेत. दुसरा डॉजर्सच्या बेसबॉल मैदानाकडे जाणारा, व्हिन स्कली यांच्या नावाचा. इथली माणसं आपल्या संघाच्या आवाजावर किती जीव लावतात, ते या दोन पाट्यांवरून कळतं.

मैदानासमोरच्या स्टार प्लाझात मॅजिक जॉन्सन, करीम अब्दुल-जब्बार, जेरी वेस्ट, एल्जिन बेलर, शकील ओनील, कोबी ब्रायंट यांचे ब्राँझचे पुतळे आहेत. चिक हर्न यांचा पुतळा एप्रिल २०१०मध्ये बसवला. बाकीचे उड्या मारतायत, चेंडू फेकतायत, शकील तर रिंगला लटकलाय. हर्न मात्र टेबलामागे बसून सामना सांगतायत आणि त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी आहे. चाहत्यांनी बसावं म्हणूनच ती ठेवलेली आहे. तिथे बसायला तिकीट लागत नाही. सामन्याच्या संध्याकाळी मात्र चौकात इतकी गर्दी असते की पाठीमागून कोणीतरी सारखं डोकावतं. सामना नसलेल्या दिवशी सकाळी गेलात तर निवांत बसता येतं. फोटो काढणाऱ्याने थोडं खाली वाकून, टेबलाच्या उंचीवरून काढावा. उभ्याने काढला की टेबल आडवं येतं आणि बसलेला माणूस बुटका दिसतो.

पण नुसता फोटो काढून निघालात तर इथे येण्यातलं निम्मं राहिलं. खुर्चीत बसण्याआधी कानात हर्न यांचा आवाज हवा. जुन्या सामन्यांची ध्वनिमुद्रणं इंटरनेटवर सहज सापडतात. त्यातलं दहा मिनिटांचं एखादं निवडा, चित्र असेल तर ते झाका, आणि कागदावर मैदान काढा. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचं मैदान ९४ फूट लांब आणि ५० फूट रुंद. मधोमध रेघ, दोन टोकांना रिंगा, प्रत्येक रिंगच्या फळीपासून १५ फुटांवर फ्री थ्रोची रेघ. आता हर्न बोलतील तसा पेन्सिलने चेंडू हलवत जा. पहिल्या मिनिटातच लक्षात येईल की पेन्सिल कुठे अडत नाही. चेंडू कोणाकडे आहे, मधली रेघ ओलांडली का, कोणत्या बाजूला आहे, रिंगपासून किती फुटांवर आहे, समोर कोण आडवा आला आहे, हे सगळं ते सांगत असतात. संघ डावीकडून उजवीकडे निघाला की 'तुमच्या रेडिओच्या डायलवर डावीकडून उजवीकडे' असं सांगायचे. एवढ्या चार शब्दांत ऐकणारा मैदानाच्या कोणत्या कडेला बसला आहे ते ठरून जातं. हाच प्रयोग दुसऱ्या कुठल्याही समालोचनावर करून पाहा. बहुतेक वेळा पेन्सिल मिनिटभरात हरवते, कारण सांगणारा मतं देत बसतो आणि चेंडू कुठे आहे ते राहून जातं.

यात मोठी अडचण वेळेची आहे. हल्ला करणाऱ्या संघाला २४ सेकंदांत चेंडू रिंगकडे टाकावा लागतो, आणि त्या अवधीत चारपाच पास होऊ शकतात. पूर्ण वाक्य करत बसलात तर तोंडातला पास संपेपर्यंत चेंडू रिंगमध्ये गेलेला असतो. हर्न वाक्यं पुरी करायचेच नाहीत. नाव, जागा, अंतर, क्रिया, एवढंच यायचं, तेही खणखणीत आणि भरधाव. मग शिट्टी वाजली की तेवढ्या उसंतीत गुण आणि उरलेला वेळ. रेडिओ मध्येच लावणारा माणूस सगळ्यात आधी हेच विचारत असतो आणि त्याला ताटकळत ठेवायचं नाही, ही शिस्त त्यांनी शेवटपर्यंत पाळली. आणखी एक गोष्ट होती. अनेक वर्षं त्यांचं एकच वर्णन रेडिओ आणि टीव्ही दोन्हींवर एकाच वेळी जायचं. त्यामुळे टीव्ही पाहणाऱ्यालाही रेडिओइतका तपशील मिळाला. लॉस अँजेलिसच्या दोनतीन पिढ्या बास्केटबॉल समजून घ्यायला शिकल्या त्या अशा.

'स्लॅम डंक' (चेंडू वरून रिंगमध्ये आपटणं), 'एअर बॉल' (कशालाही न लागता हुकलेला फेक), 'फिंगर रोल' (बोटांवरून हलकेच सोडलेला चेंडू), 'नो हार्म, नो फाउल' हे शब्द रुळवण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. बचाव करणारा पुरता फसला की ते सांगत, याला पॉपकॉर्नच्या मशीनमध्ये पाठवला. सामना हाताबाहेर गेला, आता निकाल बदलणार नाही असं दिसलं की त्यांचं ठरलेलं पालुपद यायचं: सामना फ्रिजमध्ये गेला, दार बंद झालं, दिवा विझला, अंडी गार होतायत, लोणी घट्ट होतंय आणि जेलो (जेली) थरथरतंय. हे ऐकल्यावरच लोक मैदानातून गाडी काढायला उठत. त्यांच्या विनोदात कोणाला खाली पाडणं नव्हतं. लेकर्स वाईट खेळले तर मात्र तसं स्पष्ट सांगायचे. पगार संघ देत असूनही संघाच्या चुका झाकल्या नाहीत, म्हणून त्यांच्या कौतुकाला किंमत होती.

आकडे सांगायलाच हवेत. फ्रान्सिस डेल हर्न यांचा जन्म १९१६चा, इलिनॉय राज्यातल्या ऑरोरा गावचा. लेकर्स १९६०मध्ये मिनिआपोलिसहून लॉस अँजेलिसला आले. पुढच्या वसंतात, मार्च १९६१मध्ये, मालक बॉब शॉर्ट यांनी हर्नना सेंट लुईसच्या प्लेऑफ (बाद फेरीच्या) सामन्याचं वर्णन करायला पाठवलं. नव्या शहरात लेकर्सच्या सामन्यांना अजून फारसं कोणी येत नव्हतं. त्या रेडिओ वर्णनानंतर घरच्या सामन्याला गर्दी लोटली. नोव्हेंबर १९६५मध्ये अर्कान्सा राज्यात कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल सामन्याला गेले असताना खराब हवामानात अडकले आणि लेकर्सचा एक सामना हुकला. त्यानंतर २१ नोव्हेंबर १९६५ ते १६ डिसेंबर २००१ सलग ३,३३८ सामने, एकही न चुकवता. छत्तीस वर्षं सर्दी, घसा, विमानांचा उशीर, घरचे प्रसंग, सगळं सांभाळून. मालिका तुटली ती हृदयाच्या झडपेच्या शस्त्रक्रियेमुळे. नंतर पडून कंबरेचं हाड मोडलं, तरी एप्रिल २००२मध्ये ते परत माइकवर आले. जून २००२मध्ये लेकर्सनी न्यू जर्सीला हरवून सलग तिसरं विजेतेपद मिळवलं, तो त्यांचा शेवटचा सामना. ५ ऑगस्ट २००२ला ते गेले. पुढच्याच वर्षी बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांची निवड झाली.

बाळ ज. पंडितांचं क्रिकेटचं मराठी समालोचन ट्रान्झिस्टर कानाला लावून ज्यांनी ऐकलं, त्यांना श्रोता आणि आवाज यांचं हे नातं वेगळं समजावून सांगायला नको.

पुढचा टप्पा इंगलवूड. पिकोहूनच ई लाइनने पश्चिमेला निघायचं. वाटेत एक्स्पो पार्क/यूएससी स्थानक लागतं. लेकर्सचं इथलं पहिलं मैदान, स्पोर्ट्स अरीना, याच बाजूला होतं. २०१६मध्ये ते पाडलं आणि त्या जागी फुटबॉलचं बीएमओ स्टेडियम उभं राहिलं. पाहण्यासारखं जुनं काही उरलेलं नाही, तेव्हा उतरू नका. एक्स्पो/क्रेनशॉला के लाइनसाठी बदलायचं. इथे घोटाळा होतो: ई लाइनचा फलाट रस्त्याच्या पातळीवर आहे आणि के लाइनचा जमिनीखाली, त्यामुळे गाडीतून उतरून समोरच्या फलाटाकडे पाहत राहिलात तर के लाइन कधीच येणार नाही. जिना किंवा लिफ्टने खाली जा. टॅप कार्ड (मेट्रोचं भाड्याचं कार्ड) पुन्हा टेकवायचंच, पण दोन तासांच्या आत केलेल्या बदलीला वेगळं भाडं पडत नाही. एक फेरी पावणेदोन डॉलरची आहे.

डाउनटाउन इंगलवूडला उतरल्यावर लेकर्सचं जुनं मैदान, फोरम, दोन किलोमीटरच्या आसपास. रस्ता सपाट आहे, पण सावली कमी, पाण्याची बाटली जवळ असू द्या. चार्ल्स लकमन यांनी आखलेली, भोवती उंच खांबांची रांग असलेली ही गोल इमारत १९६७च्या अखेरीस उघडली आणि लेकर्स १९९९पर्यंत इथे खेळले. तिला 'फॅब्युलस फोरम' म्हणणारा आवाज हर्न यांचाच. 'पश्चिमेच्या कडेवर, उंचावर' अशी आपली जागा ते श्रोत्यांना सांगायचे. टेबल खाली मैदानाला लागून नव्हतं, वर प्रेक्षकांत होतं. म्हणूनच दहाही खेळाडूंच्या जागा त्यांना एका नजरेत दिसत. खालच्या टेबलावरून समोरचा पंच आणि उंच खेळाडू आडवे येतात आणि पलीकडचा कोपरा दिसतच नाही. आता फोरममध्ये गाण्याचे कार्यक्रम होतात. आत शिरायचं तर त्यांचं तिकीट काढावं लागतं. चाहत्याला बाहेरून एक पूर्ण फेरी मारणं पुरेसं आहे, आणि ती मारताना कानात १९७१-७२च्या हंगामातलं किंवा मॅजिकच्या काळातलं काहीतरी असावं. सलग ३३ सामने जिंकल्याचा विक्रम त्या १९७१-७२च्या हंगामातला.

हर्न यांची समाधी कल्व्हर सिटीतल्या होली क्रॉस कॅथलिक दफनभूमीत आहे, स्लॉसन ॲव्हेन्यूवर. फोरमपासून टॅक्सी सोयीची. दफनभूमी टेकडीच्या उतारावर पसरलेली आहे आणि बरेचसे दगड जमिनीत सपाट बसवलेले आहेत. लांबून काहीच वाचता येत नाही. स्वतः शोधत फिरण्यापेक्षा आधी कार्यालयात नाव सांगून नकाशावर खूण करून घ्या. मोठ्याने रेकॉर्डिंग लावू नका, आजूबाजूला रोजचे शोक करणारे लोक असतात.

संध्याकाळी क्रिप्टो डॉट कॉम अरीनात सामना असेल तर तो पाहाच. आत जाताना पाठीवरची सॅक चालत नाही, लहानशी पर्सच बरोबर ठेवा, आणि खाण्यापिण्याला कार्ड लागतं. मोठ्या खेळाडूंच्या मानार्थ टांगलेल्या निवृत्त जर्सींच्या ओळीत एक चौकट वेगळी दिसेल. तिच्यावर खेळाडूचा क्रमांक नाही, माइक आहे. ती हर्न यांची.

आता लेकर्सचं टीव्ही आणि रेडिओचं वर्णन वेगवेगळं होतं. रेडिओवर ७१० एएमला जॉन आयर्लंड आणि मायकल थॉम्प्सन असतात. एनबीए फायनलचं टीव्ही प्रक्षेपण राष्ट्रीय वाहिनीकडे असायचं, म्हणून हर्न यांच्या काळात अनेक घरांत टीव्हीचा आवाज बंद आणि रेडिओ चालू अशी पद्धत होती. आज घरी हे करायचं तर जुळत नाही. टीव्हीचं चित्र उपग्रह आणि डिजिटल प्रक्रियेतून येतं, ॲपवरचा रेडिओ साठवून मग वाजतो, आणि दोन्हींचा उशीर सारखा नसतो. त्यावर उपाय सोपा आहे. कोण पुढे आहे ते सुरुवातीच्या जंप बॉलच्या (चेंडू वर उडवून सामना सुरू करण्याच्या) शिट्टीवर ओळखा. जो पुढे आहे तो थांबवा, मागच्याची शिट्टी ऐकू आली की पुन्हा चालू करा. दर ब्रेकनंतर एखाददुसरा सेकंद सरकतो, तेव्हा फ्री थ्रोच्या वेळी चेंडू रिंगला लागल्याच्या आवाजावर परत जुळवून घ्या. मैदानात बसलेल्याने ॲपच्या भानगडीत पडू नये. खिशातला साधा एएम रेडिओच न्यावा. काँक्रीटच्या इमारतीत लहरी क्षीण होतात, म्हणून रेडिओ जागेवर हळूहळू फिरवून आवाज कुठे स्वच्छ येतो ते पाहायचं, आणि इअरफोन एकाच कानात घालायचा.