डबी तीन: सहा टक्क्यांचं कोडं दिंडोरीत सुटलं

मंडळी, सुटलं एकदाचं. मुंबई–लंडनच्या प्रवासात डबी तीननं, म्हणजे हवेची आर्द्रता, तापमान आणि दाब नोंदणाऱ्या माझ्या घरगुती यंत्राच्या तिसऱ्या आवृत्तीनं, केबिनची आर्द्रता सलग सात तास ६ टक्के दाखवली होती. मागच्या नोंदीत मी तो आकडा प्रश्नचिन्हासह टाकला आणि पुढचे तीन आठवडे त्यानं मला झोपू दिलं नाही. चूक सेन्सरची होती, पण अर्धीच. उरलेली अर्धी माझ्या जुळणीची होती आणि ती दाखवली माझ्या मामांनी, नाशिकजवळच्या दिंडोरीच्या द्राक्षबागेत.

जाताना बोइंग ७८७, येताना बोइंग ७७७. दोन्ही वेळा पंखाच्या मागची खिडकी. डबीत तेच सगळं: बीएमई२८० सेन्सर (आर्द्रता, तापमान, दाब मोजणारा), ईएसपी३२ (डबी चालवणारी छोटी संगणक-चिप), मेमरी कार्ड, एक १८६५० सेल (बॅटरी). वायफाय पूर्ण बंद. झाकण पारदर्शक, त्यामुळे सुरक्षा तपासणीत दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ गेला नाही. विमानात बसल्यावर आधी केबिन क्रूला दाखवून विचारलं, मगच डबी सीटच्या खिशात ठेवली. ज्यांची डबी अजून काळ्या खोक्यात आहे त्यांनी पारदर्शक खोकं घ्याच.

आता मूळ दुखणं. ६ टक्क्यांवर माझा विश्वास का बसत नव्हता? पस्तीस हजार फुटांवर बाहेरची हवा उणे ५४ अंशांच्या आसपास असते, तिच्यात पाणी जवळपास नसतंच. केबिनमध्ये जी काही ओल असते ती मुख्यतः आपल्या सगळ्यांच्या श्वासातून आणि त्वचेतून येते. म्हणून रिकाम्या केबिनमध्ये हवा जास्त कोरडी, भरलेल्या इकॉनॉमीत जरा बरी. जाताना आमचं विमान खच्चून भरलेलं होतं. अशा केबिनमध्ये १० ते २० टक्के अपेक्षित असतात. ६ म्हणजे सेन्सर खोटं बोलतोय किंवा मी काहीतरी विसरतेय.

सेन्सर नकली असेल हा पहिला संशय. आपल्यातले अनेक जण या खड्ड्यात पडलेत: बीएमई म्हणून मागवावं आणि हातात बीएमपी यावं, ज्यात आर्द्रता मोजायची सोयच नसते. मलाही एका ऑनलाइन दुकानानं पूर्वी तसंच पाठवलं होतं. चिपचा आयडी वाचला तर ६० यायला हवा तिथे ५८ आला. या वेळचा तुकडा मात्र खरा निघाला, आयडी ६०. स्वस्तातले पाच मागवण्यापेक्षा भरवशाचा एक घ्यावा, हे माझं मत आता पक्कं झालंय.

मग मिठाच्या बरण्या. साधं मीठ पाण्यात ओलसर लगद्याइतकं भिजवून बंद बरणीत ठेवलं की आतली हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. माझ्या सेन्सरनं ७६ दाखवले. उत्तम! मग दोष गेला कुठे? दोन आठवडे मी कोडच तपासत बसले, एकेक ओळ. तिसऱ्या आठवड्यात डोक्यात आलं की ७५ टक्क्यांवर पास झालेला सेन्सर १० टक्क्यांवर पास होईलच असं नाही. ओळखीच्या एका प्राध्यापकांनी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून मॅग्नेशियम क्लोराईड आणि चिमूटभर लिथियम क्लोराईड दिलं. पहिल्याची हवा ३३ टक्के, दुसऱ्याची ११ टक्के. बारा-बारा तास ठेवलं. ३३ च्या जागी ३१ आले, ११ च्या जागी ८. म्हणजे खाली जाईल तशी चूक वाढते. सेन्सर बनवणारे अधिक-उणे ३ टक्के स्वतःच लिहून देतात, त्यामुळे त्यांना दोष नाही. पण ७५ मधले ३ आणि ११ मधले ३ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. केबिनसाठी सेन्सर तपासायचा तर लिथियमची बरणी हवीच. नुसत्या मिठावर थांबू नका. (लिथियम क्लोराईड हातमोजे घालून हाताळा, आणि बरणी स्वयंपाकघरापासून लांब ठेवा.)

३ मिळवले तरी ९. अजूनही कमीच.

त्या रविवारी आम्ही मामांकडे दिंडोरीला गेलो. बागेत त्यांचं छोटं हवामान केंद्र आहे, डाऊनीचा (द्राक्षांवरच्या बुरशीच्या रोगाचा) अंदाज घ्यायला. मी माझं रडगाणं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अगं, हे यंत्र पहिल्यांदा आम्ही पत्र्याच्या शेडवर लावलं होतं. पत्रा तापायचा, यंत्र तापायचं, आणि दमटपणा कायम कमी दाखवायचं. औषधाचा अंदाजच चुकायचा. मग मांडवाखाली सावलीत, पांढऱ्या झडपांच्या खोक्यात लावलं, तेव्हा जागेवर आलं. तुझी डबी तापते का?"

तापते! हात लावला तरी कळतं. व्होल्टेज रेग्युलेटर (सेलचं व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) कोमट असतो, त्याच्यापासून दोन बोटांवर सेन्सर. आणि बरणीत हे कधीच पकडलं गेलं नसतं, कारण प्रत्येक वेळी मी डबीतून वायर बाहेर घेऊन फक्त सेन्सर आत सोडला होता. तापणारी डबी बरणीबाहेरच. मी इतके दिवस डबी तीनची परीक्षा घेतच नव्हते!

हिशोब तिथेच मांडवाखाली बसून केला. वहीत दर तासाला काचेच्या तापमापकाचा आकडा लिहिलेला होता (लाल द्रवाचा. पाऱ्याचा विमानात नेऊ नका, सांडला तर पारा ॲल्युमिनियम खातो). काचेचा म्हणत होता २३.५ अंश, सेन्सर म्हणत होता २७.८. म्हणजे सेन्सरभोवतीची हवा ४.३ अंश जास्त गरम. हवेतलं पाणी तेवढंच, पण गरम हवेची पाणी धरायची ताकद जास्त, म्हणून टक्के कमी दिसतात. त्यावर उपाय म्हणजे टक्के सोडून दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होऊ लागतं तो) धरायचा. डबी तापली तरी दवबिंदू हलत नाही. ९ टक्के आणि २७.८ अंशांवरून दवबिंदू निघाला उणे ८ च्या आसपास. तोच दवबिंदू २३.५ अंशांच्या खऱ्या हवेत ठेवला की आर्द्रता येते जवळपास १२ टक्के. बारा! मामींनी आणलेला चहा थंड झाला, पण तो आकडा मी चार वेळा काढून पाहिला.

परतीच्या ७७७ चं हेच गणित १० टक्क्यांवर आलं. आता कुणी म्हणेल, ७८७ ची हवा जास्त ओलसर असते हे सिद्ध झालं. माझ्या आकड्यांवरून मी तसं म्हणणार नाही. २ टक्क्यांचा फरक सेन्सरच्या चुकीतच मावतो, शिवाय येताना आमच्या मागच्या भागात बऱ्याच सीट रिकाम्या होत्या.

दाबाचं मात्र छातीठोकपणे सांगते. ७८७ स्थिर उंचीवर असताना केबिनमध्ये ८१८ हेक्टोपास्कल (दाबाचं एकक), म्हणजे ५,८०० फुटांवर बसल्यासारखं. ७७७ मध्ये ७७९, म्हणजे ७,१०० फूट. ७८७ ची केबिन ६,००० फुटांच्या आत ठेवायची अशी रचनाच आहे, जुन्या घडणीच्या विमानांत ८,००० पर्यंत चालतं. हा फरक मला उतरल्यावर डोक्यात जाणवतो. आवाजातही ७८७ सरस, फोनच्या ॲपवर ७८ डेसिबल, ७७७ मध्ये ८२. ७८७ मधली, खिडकीचं बटण दाबून काच गडद करायची सोय मला अजूनही आवडत नाही. पूर्ण अंधार होत नाही, आणि झोपायला अंधारच लागतो.

या वेळचा सगळ्यात गोड क्षण मात्र वेगळाच. सेकंदाला एक नोंद ठेवल्यामुळे "टेकडी" सापडली! उड्डाणाच्या धावेआधी विमान केबिनचा दाब किंचित वाढवून घेतं, म्हणजे चाकं जमीन सोडताना कानांना झटका बसत नाही. इतके दिवस वाचलेलं होतं. आता माझ्या आलेखात, चढाईच्या उतरत्या रेषेआधी, काही हेक्टोपास्कलचा नीट उंचवटा आहे. दोन्ही विमानांत.

मुंबई विमानतळावर जाताना समृद्धी महामार्ग सोडून आम्ही मुद्दाम कसारा घाटानं गेलो. दाबाच्या सेन्सरसाठी नाशिककरांना यापेक्षा चांगली प्रयोगशाळा नाही. घरी, नाशिकला, ९४५ हेक्टोपास्कल, टी-२ ला (विमानतळाच्या टर्मिनल दोनला) पोचताना हजाराच्या वर, आणि घाटातला उतार आलेखात ठसठशीत. घरी पाणी ९८ अंशांना उकळतं, ७८७ मध्ये ९४ ला. विमानातला चहा फिका का लागतो याचं एक कारण इथेच आहे. लाउंजमधला चहा समुद्रसपाटीवरचा, म्हणून पिऊन घ्यावा तर तिथेच.

लाउंजबद्दल थोडक्यात. जेवणाच्या काउंटरजवळ ६२ डेसिबल, काचेजवळच्या टोकाच्या खुर्चीत ५४. इडली गरम होती, सांबार बरं. कार्डावर दोन रुपये कापले गेले आणि दोन तास शांतपणे काम झालं. एवढंच लिहून पुढे जाणार होते.

पण हे लिहिता लिहिता लाउंजची फाइल उघडली आणि थबकले. डबी मी लाउंजमध्ये बसल्यावर चालू केली होती, त्याआधी ती तासभर बंद होती. फाइलची पहिली ओळ: २४.१ अंश. वहीत काचेचा आकडा: २४. मग चाळीस मिनिटांत सेन्सर चढत चढत २७.९ वर जाऊन थांबला. डबी किती तापते त्याचा आख्खा आलेख आपोआप नोंदला गेलाय! केबिनमध्ये हवा विरळ, ती उष्णता कमी वाहून नेते, म्हणून तिथे ३.९ चे ४.३ झाले. हिशोब जुळतो.

याचा अर्थ, डबी दोनच्या सिंगापूर आणि फ्रँकफर्टच्या फायली, ज्यांच्यासोबत काचेचा तापमापक नव्हता, त्याही वाचवता येतील. पहिली ओळ आणि स्थिरावलेली ओळ, एवढं पुरेसं आहे. सिंगापूरच्या वेळी डबी उन्हातल्या गाडीतून थेट आली होती, ती बहुधा सोडावी लागेल. फ्रँकफर्ट नक्की वाचणार.

आणि त्यामुळे डबी चारचा बेत मी इथेच बदलतेय. महागडा सेन्सर मागवणार होते, तो रद्द. बीएमई तोच, फक्त वीतभर वायरवर खोक्याबाहेर. मधल्या उड्डाणात डबी झोपवायची, दर पाच मिनिटांनी जागी होऊन एक नोंद घ्यायची, म्हणजे तापणारच नाही. पण मग टेकडी हातची जाईल, तिला सेकंदाची नोंद लागते. म्हणून चढताना-उतरताना सलग आणि मध्ये झोप. दाब ठरावीक पातळीवर दहा मिनिटं स्थिर राहिला की डबीनं स्वतःच झोपायचं. कोड आज दुपारी लिहिलं, चौदा ओळी वाढल्या.

घरातली चिवड्याची मोठी काचेची बरणी रिकामी केली. तळाला लिथियमची वाटी, वर जाळी, जाळीवर या वेळी आख्खी डबी, सेलसकट. ९.४० ला झाकण बसवून कडेनं मेण लावलं. पहिली ओळ ४१ टक्के, घरातल्या हवेची. आता १०.५५ झालेत, आकडा १७ वर आलाय आणि तापमान खोलीच्या तापमानापेक्षा ०.३ नंच जास्त आहे. उद्या सकाळी झाकण न उघडता वाचते.