करमुक्त बारा लाख आणि कापून गेलेले दहा टक्के

१ फेब्रुवारी २०२५ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी नव्या करप्रणालीत (जिच्यात दर कमी आणि वजावटी मोजक्या असतात) १२ लाखांपर्यंतच्या वार्षिक उत्पन्नावर प्राप्तिकर लागणार नाही अशी घोषणा केली, तेव्हा माझ्या जुन्या ऑफिसातल्या सहकाऱ्यांनी सर्वांत आधी एकच गोष्ट केली: एप्रिलपासून महिन्याला हातात किती पगार जास्त येईल याचा हिशेब. नऊ वर्षे मीही त्यांच्यासारखाच पगारदार होतो. गेली पाच वर्षे मी इमारतींच्या स्ट्रक्चरल डिझाइनची कामे स्वतंत्रपणे घेतो, आणि म्हणून हा हिशेब मला एका ओळीत मांडता आला नाही. कराचे टप्पे दोघांना तेच, दर तेच, सवलतही तीच. मात्र ती पगारदाराच्या हातात दरमहा पडते आणि आमच्यापर्यंत पोहोचायला वर्ष-दीड वर्ष लागते.

सर्वांत जास्त चर्चा होते ती प्रमाणित वजावटीची, म्हणजे पगारदाराच्या उत्पन्नातून पावत्यांशिवाय सरसकट वजा होणाऱ्या रकमेची. २०१८च्या अर्थसंकल्पाने ती ४०,००० रुपयांनी पुन्हा सुरू केली, पुढच्या वर्षी ती ५०,००० झाली आणि जुलै २०२४ मध्ये नव्या प्रणालीपुरती ७५,००० करण्यात आली. तिच्यामुळे पगारदाराला प्रत्यक्षात १२ लाख ७५ हजारांपर्यंत कर नाही. खर्च वजा जाऊन नेमके तेवढेच उत्पन्न उरलेल्या व्यावसायिकाला मात्र आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी ७१,२५० रुपये कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे एकूण ७४,१०० रुपये भरावे लागतात. हा आकडा सांगून आमच्यावर अन्याय झाल्याचे अनेक जण म्हणतात, पण मला ते पटत नाही. पगारदाराला ऑफिसला जाण्यायेण्याचा किंवा स्वतःच्या लॅपटॉपचा खर्च उत्पन्नातून वजा करता येत नाही, आम्हाला येतो. शिवाय वकील, डॉक्टर, अभियंते, वास्तुविशारद, सनदी लेखापाल अशा ठरावीक व्यवसायांसाठी आर्थिक वर्ष २०१६-१७ पासून अनुमानित उत्पन्नाची सोय आहे. तिच्यात एकूण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवली की खर्चाच्या पावत्या आणि वह्या सांभाळण्याची सक्ती राहत नाही. जमेची मर्यादा ५० लाख आहे, आणि रोखीचा व्यवहार ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. ही सोय मी स्वतः वापरतो, आणि तिच्यापुढे ७५ हजारांची वजावट फार मोठी नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

खरी तफावत टीडीएसमध्ये, म्हणजे पैसे देणाऱ्याने आधीच कापून सरकारकडे भरायच्या करात आहे, आणि तिच्याबद्दल फारच कमी बोलले जाते.

समजा वर्षभराची फी १८ लाख रुपये झाली आणि मिळकतीचे दुसरे साधन नाही. अनुमानित पद्धतीने उत्पन्न ९ लाख धरले जाते, ते १२ लाखांच्या आत बसते, म्हणून देय कर शून्य. पण फी कंपन्यांकडून किंवा बांधकाम व्यावसायिकांकडून येत असेल, तर प्रत्येक बिलातून १० टक्के आधीच कापले जातात, आणि तेही उत्पन्नावर नव्हे, पूर्ण फीवर. म्हणजे कर शून्य असलेल्या माणसाचे १ लाख ८० हजार रुपये वर्षभर सरकारकडे पडून राहतात. तेवढ्याच उत्पन्नाच्या पगारदाराबाबत कंपनी वर्षाचा अंदाज घेते, सवलत हिशेबात धरते आणि एक रुपयाही कापत नाही. फेब्रुवारी २०२५च्या त्याच अर्थसंकल्पात व्यावसायिक फीवरील कपातीची किमान मर्यादा ३०,००० वरून ५०,००० करण्यात आली. बदल योग्यच आहे, परंतु एका ग्राहकाचे वर्षातले काम यापेक्षा मोठे असले की त्याचा उपयोग संपतो. करमुक्त उत्पन्नाची रेषा इतकी वर गेली असताना कपातीचा दर १० टक्क्यांवरच राहावा, याचे समर्थन मला तरी सापडलेले नाही.

दोन वर्षांपूर्वीचा माझाच अनुभव सांगतो. एका बांधकाम व्यावसायिकाकडे मी दीड लाखाचे बिल दिले होते. १५,००० कापून १ लाख ३५ हजार बँकेत जमा झाले. जून उजाडला, विवरणपत्र भरायला बसलो आणि आपल्या नावावर कोणी किती कर कापून भरला हे दाखवणारा फॉर्म २६एएस उघडला, तर त्या ग्राहकाच्या नावापुढे नोंदच नाही. त्यांच्या लेखापालाला फोन केला की उत्तर ठरलेले असे: ‘साहेब, पुढच्या आठवड्यात रिटर्न टाकतोय.’ असे आठवडे जात जात जुलैची अखेर आली. मी कपातीची ती रक्कम दाखवून विवरणपत्र भरले आणि परतावा बरोबर १५,००० रुपयांनी कमी मंजूर होऊन आला. पुढे नोंद दिसू लागल्यावर दुरुस्तीचा अर्ज केला, त्यानंतर काही महिन्यांनी पैसे मिळाले. पगारात असताना मला फॉर्म १६, म्हणजे कंपनीने दिलेला पगार आणि कापलेल्या कराचा दाखला, हातात मिळत असे, आणि त्यामागे कोणी काय भरले हे तपासण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

व्याजाचेही तसेच. आमच्याकडून आगाऊ कर कमी भरला गेला तर महिन्याला १ टक्का व्याज लागते; सरकारकडून परतावा येतो तेव्हा महिन्याला अर्धा टक्का मिळते, आणि विवरणपत्र वेळेत भरले असले तरी ते मोजले जाते वर्ष संपल्यानंतरच्या १ एप्रिलपासून. आदल्या मे महिन्यात कापल्या गेलेल्या रकमेवर त्या अकरा महिन्यांचे काहीच मिळत नाही. अनुमानित पद्धतीत सगळा आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकदम भरता येतो, इतरांसारखे जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च असे चार हप्ते नसतात, हा मात्र मोठाच दिलासा आहे.

प्रणाली निवडण्याचा नियमही दोघांना वेगळा आहे. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून नवी प्रणाली आपोआप लागू होते. केवळ पगार असणारा माणूस दरवर्षी दोन्ही पर्याय ताडून सोयीचा घेऊ शकतो. व्यवसायाचे उत्पन्न असलेल्याने एकदा जुनी प्रणाली स्वीकारली तर त्याला नव्यात एकदाच परतता येते, आणि परतल्यावर व्यवसाय चालू आहे तोवर जुनीचे दार बंद. ज्याचे उत्पन्न दरवर्षी खालीवर होते त्यालाच निवड बदलण्याची मुभा नाही.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती म्हातारपणाच्या तरतुदीची. नव्या प्रणालीत कंपनीने कर्मचाऱ्याच्या राष्ट्रीय पेन्शन योजनेत भरलेली रक्कम पगाराच्या १४ टक्क्यांपर्यंत वजावटीस पात्र आहे. खासगी नोकरदारांसाठी ही मर्यादा जुलै २०२४ मध्ये १० वरून वाढवली गेली. त्याच योजनेत मी स्वतःच्या खिशातून पैसे भरले तर नव्या प्रणालीत मला काहीच वजावट नाही. कंपनीने काढलेल्या आरोग्यविम्याचा हप्ता कर्मचाऱ्याच्या उत्पन्नात धरला जात नाही, माझ्या हप्त्याची वजावट मात्र जुन्या प्रणालीतच राहिली. ज्याच्या मागे भविष्य निर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही, आजारपणाची भरपगारी रजा नाही, त्यालाच बचतीचे प्रोत्साहन नाकारणे मला चुकीचे वाटते. कंपनीच्या वाट्याइतकी वजावट स्वतः भरणाऱ्यालाही देता आली असती.

तोवर हातात असलेला एक उपाय वापरावा. वर्षाचा कर कपातीपेक्षा बराच कमी होणार हे दिसत असेल, तर कमी दराने टीडीएस कापण्याचे प्रमाणपत्र प्राप्तिकर खात्याकडून ऑनलाइन अर्जाने मिळवता येते. मागील वर्षांची विवरणपत्रे, चालू वर्षाच्या फीचा अंदाज आणि ग्राहकांचे टॅन (कर कापणाऱ्याला मिळणारे) क्रमांक जवळ ठेवून तो अर्ज एप्रिलमध्येच करावा, कारण प्रमाणपत्र हातात येण्याआधी कापले गेलेले पैसे परताव्याच्याच वाटेने येतात.