आमची वाटचाल : मुशीचं देणं

एक जुनी भट्टी, ॲल्युमिनाच्या (म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या) सहा मुशी, एक तराजू. भागीदार भट्टीवर, मी धुण्यावर. माल म्हणजे स्ट्रॉन्शियम टायटेनेट, उजेडात पाणी फोडून हायड्रोजन आणि ऑक्सिजन सोडणारी भुकटी. तिला दहापट मोल स्ट्रॉन्शियम क्लोराइड, ११५० अंश, दहा तास. क्लोराइड ८७४ ला वितळतं, त्या रसात स्फटिक वाढतात, मग क्लोराइड धुऊन काढायचं. सुरुवातीची वर्षं बरी गेली, त्यांत सांगण्यासारखं काही नाही.

मग तो आला. नाव घेत नाही. नुसता भाजलेला माल दळून, चाळून ‘क्रिस्टल’ म्हणून विकायचा. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे कण म्हणजे फोडलेली खडी. आमचे म्हणजे कोपरे तासलेले ठोकळे. पण भाव कमी असला की सूक्ष्मदर्शक कोण काढतो? वर त्याने आवई उठवली, आमच्या मालात ॲल्युमिनियमची भेसळ आहे. खोटं असतं तर तोंडावर फेकलं असतं. तपासून घेतलं तर खरंच निघालं. वितळलेलं क्लोराइड मूस चाटत होतं.

मी घाबरलो. कर्ज काढून सगळ्या मुशी इट्रियाच्या केल्या, म्हणजे इट्रियम ऑक्साइडच्या, ज्यात ॲल्युमिनियम नाही. भागीदार म्हणाला, “आधी एकीत करून बघू.” ऐकलं नाही. माल शुद्ध झाला आणि मेला. दिव्याखाली पाण्यात बुडबुडा उठेना. घाणेच्या घाणे परत आले, हप्ते थकले, भागीदार निघून गेला. त्याला दोष देत नाही. (थोडा देतो.)

राहिल्या फक्त मॅडम, आमच्या पहिल्या गिऱ्हाईक. त्यांनी एकच विचारलं, “जुन्या मुशीतला आहे का शिल्लक?” बरणीच्या तळाशी होता. एकच दिवा, एकच सहउत्प्रेरक (गॅस सुटायला मदत करणारा लेप), दोन्ही माल शेजारी शेजारी. जुन्यातून गॅस धडाधड आला. टायटॅनियम चार भारांऐवजी तीनवर अडकतं तिथे इलेक्ट्रॉन फसतात. तीन भारांचं ॲल्युमिनियम टायटॅनियमच्या जागी बसलं की तसे सापळे कमी होतात. भेसळ म्हणून हिणवलं तोच आमचा माल होता! पुढे २०२० साली जपानमधले शास्त्रज्ञ डोमेन यांच्या गटाने ॲल्युमिनियम घातलेल्या याच टायटेनेटवर ३५० ते ३६० नॅनोमीटरच्या प्रकाशात ९६ टक्क्यांपर्यंत क्वांटम कार्यक्षमता दाखवली, म्हणजे पडलेल्या प्रकाशकणांपैकी शंभरातले ९६ पर्यंत कामी आले. तो अंक मी भट्टीच्या दारावर खडूने लिहिला.

नव्यांना सांगतो, विचारलं नसलं तरी. मूस भट्टीत घालण्याआधी आणि धुऊन वाळवल्यावर तोला. किती चाटली गेली त्याचा अंदाज तिथेच येतो. शेवटच्या धुण्याच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाका, पांढरं गढूळलं तर क्लोराइड उरलंय, पुन्हा धुवा. आणि भट्टी घाईने उघडू नका, ॲल्युमिना तडकतं. तोलायची सवय भागीदाराची, त्याची वही अजून वापरात आहे.

त्या भुकटीवाल्याच्या माहितीपत्रकावर आता ठळक अक्षरांत छापलेलं असतं : ‘ॲल्युमिनियमयुक्त’.