बाळाआधी फिट व्हायचंय, पण मनच घेत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून. प्रश्न बहुतेक वेळा असाच येतो: "आम्ही ठाण्यात राहतो. वर्षभरात बाळाचा विचार आहे. त्याआधी दोघांनाही फिट व्हायचंय. कळतं सगळं, पण मन घेत नाही. काय करावं?"

"बाळासाठी" हे कारण ऐकायला गोड आहे, पण अजून नसलेल्या बाळासाठी पहाटे अंथरूण सोडवत नाही. त्यापेक्षा पुढ्यात येणारं काम बघा. जन्मताना तीनेक किलोचं बाळ वर्षाचं होईतो नऊ किलोच्या आसपास जातं. त्याला दिवसभर जमिनीवरून उचलायचं, कडेवर घेऊनच गॅस बंद करायचा, लिफ्ट बंद पडली की चौथ्या मजल्यावर न्यायचं. आजच पाच किलो तांदळाची पिशवी छातीशी धरून खुर्चीतून दहा वेळा उठा-बसा. सहाव्या वेळी धपकन बसलात, तर सुरुवात कुठून करायची ते कळलं.

दुसरी गोष्ट मुदतीची. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. जूनमध्ये प्रयत्न सुरू करायचे असतील तर नवऱ्याची सिगरेट मार्चमध्ये सुटायला हवी. एवढा हिशेब मांडला की बायकोला नुसतं "तू जा ना चालायला" म्हणणारे स्वतःचे बूट शोधू लागतात. तिच्यासाठी फॉलिक ॲसिड, रोज 400 मायक्रोग्रॅम, निदान महिनाभर आधीपासून. मधुमेह किंवा अपस्माराची औषधं चालू असतील तर प्रमाण बदलतं, म्हणून डॉक्टरांना विचारूनच. त्याच भेटीत हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि साखर तपासून घ्या. हिमोग्लोबिन कमी असलं की जिन्यात लागणारी धाप आळसाची नसते, आणि व्यायामाच्या कितीही रील्स पाहिल्या तरी ती जात नाही.

ठाण्यात आडवं येतं ते घड्याळ. रात्री आठ-सव्वाआठला लोकलमधून उतरायचं, मग घोडबंदरची बस, ट्रॅफिक, आणि एकदा सोफ्यावर बसलात की दिवस संपला. म्हणून घरी पोचायच्या आधी चाला. बूट बॅगेत ठेवा, स्टेशनवरून तलावपाळी, म्हणजे जवळचा मासुंदा तलाव, गाठा, अर्धा तास फेऱ्या मारा आणि मग बस पकडा. वाटेतले पाणीपुरीचे ठेले हा वेगळा विषय. वसंत विहारकडच्यांना उपवन तलाव सोयीचा. आठवड्यात पाच दिवस, मिळून 150 मिनिटं. वेग असा की बोलता यावं, पण गाता येऊ नये. येऊरच्या डोंगराचा चढ पहिल्या महिन्यात नको. पावसाळ्यात बिल्डिंगचा जिना आहेच: चढायचं पायांनी, उतरायचं लिफ्टने, कारण गुडघ्यांवर जास्त ताण उतरताना येतो.

बहुतेकांचं बिनसतं तिसऱ्या आठवड्यात. उत्साहात काँक्रीटवर धावायला लागतात, नडगी दुखते, पंधरा दिवस विश्रांती, आणि त्या विश्रांतीतून परतणारे थोडेच. पहिले चार आठवडे फक्त चालणं ठेवा. मग आठवड्यातून दोनदा तीच तांदळाची पिशवी: दोन पावलांच्या मधे ठेवा, बूड मागे न्या, गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा, पिशवी अंगाशी ओढून श्वास सोडत उभे राहा. आठ वेळा, असे तीन फेरे. पाय ताठ ठेवून पाठीला बाक काढत उचललीत तर सगळा भार कंबरेवर येतो. बाळ झाल्यावर कंबर धरायला ही सवयही कारण ठरू शकते.

"आजपासून भात बंद" हे मात्र करू नका. गरोदरपणाच्या तोंडावर उपासमार करून वजन उतरवणं म्हणजे साठा रिकामा करून प्रवासाला निघणं. भात एक वाटी कमी, डाळ किंवा उसळ एक वाटी जास्त, एवढं पुरतं. वजनकाट्यावर रोज चढू नका. दर पंधरा दिवसांनी टेपने कंबर मोजा. भारतीयांसाठी मर्यादा पुरुषांना 90 सेंटीमीटर, बायकांना 80. अर्धा सेंटीमीटर उतरला तरी टेप खोटं बोलत नाही, आणि पुढच्या पंधरवड्याला तेवढं निमित्त पुरतं. जिममध्ये वर्षाचे पैसे एकदम भरणं हा माझ्या मते प्रेरणेचा सगळ्यात महाग आणि सगळ्यात कमी टिकणारा प्रकार आहे. तीन महिने फुकटात टिकलात, तर मग भरा.

मधेच पाळी चुकली तर घाबरून सगळं थांबवू नका. तब्येतीची काही तक्रार नसेल तर चालणं सहसा तसंच चालू ठेवता येतं. पिशवीचं वजन आणि जिना पहिल्या तपासणीत डॉक्टरांना विचारून ठरवा. रक्तस्राव झाला, चक्कर आली किंवा पोटात दुखलं तर लगेच थांबा आणि त्याच दिवशी दाखवा. नवऱ्याच्या वेळापत्रकात मात्र काहीच बदल नाही.