ड्रिलची बॅटरीच का?

"तयार ब्लूटूथ स्पीकर इतके स्वस्त मिळतात, मग ड्रिलच्या बॅटरीवर चालणारा हा खोका कशाला करत बसलात?" गणपतीत आरतीला मी स्पीकर लावला की आमच्या इंदूरच्या रामबागेत कोणी ना कोणी हे विचारतंच. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

तयार स्पीकरची बॅटरी बहुधा आत चिकटवलेली असते. ती बसली की चांगल्या आवाजाचा स्पीकर माळ्यावर जातो, आणि याचं मला फार वाईट वाटतं. ड्रिलची बॅटरी खटकन निघते, दुसरी बसते. एकीवर भजनं चालू असताना दुसरी तिच्याच चार्जरवर भरत असते.

ताकदही भरपूर. १८ व्होल्टच्या बॅटरीत लिथियमचे पाच सेल सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेले असतात. पूर्ण भरल्यावर २१ व्होल्ट. टीपीए ३११६ चिपचा ॲम्प्लिफायर २६ व्होल्टपर्यंत चालतो, त्यामुळे तो थेट जोडता येतो. ५ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ९० वॉट-अवर. सगळं मिळून सरासरी १० वॉट लागले, तरी आठ तास निघतात.

आता जे मी प्रत्येकाला थांबवून सांगतो ते. बॅटरी उतरली की वेळीच बंद व्हायचं काम बऱ्याच कंपन्यांच्या बाबतीत ड्रिल मशीन करतं, बॅटरी नव्हे. ॲम्प्लिफायर मात्र करंट ओढतच राहतो, आणि फार खाली गेलेले सेल कायमचे खराब होतात. म्हणून १५ व्होल्टला लाइन तोडणारं कट-ऑफ सर्किट लावाच. बॅटरीच्या प्लसला, अगदी जवळ, १० अँपिअरचा फ्यूजही हवा. लिथियम शॉर्ट झालं तर आग लागू शकते, इथे काटकसर नको.

ब्लूटूथ बोर्डाला ५ व्होल्ट लागतात. तेही त्याच बॅटरीतून घेतले, की गाणं थांबल्यावर पुष्कळदा एक बारीक शिट्टी ऐकू येते. ॲम्प्लिफायर आणि ब्लूटूथ बोर्ड यांचं ग्राउंड, म्हणजे मायनसची बाजू, एकच असल्यामुळे हे होतं. ते ५ व्होल्ट आणि बोर्ड यांच्या मध्ये बी०५०५एस हा नखाएवढा आयसोलेटेड, म्हणजे दोन्ही बाजूंची ग्राउंड वेगळी ठेवणारा कन्व्हर्टर टाकला की शिट्टी जाते.

खोक्याला १२ मिलिमीटरचा प्लाय पुरतो, पण सांधे फेव्हिकॉलने भरून हवाबंद करा. तपासायला स्पीकरचा कोन, म्हणजे समोरचा हलणारा पडदा, बोटांनी हलकेच आत दाबून सोडा: सावकाश परत आला तर खोका नीट बंद झालाय, पटकन आला तर कुठेतरी फट आहे.

प्लाय-स्क्रू सियागंजात, बाकी सामान महाराणी रोडवर शोधा. स्वस्त पडतं का, म्हणाल तर घरात आधीच ड्रिल असेल तरच. नुसत्या स्पीकरसाठी बॅटरी आणि चार्जर नवे घेऊ नका.