काझा ते ग्रामफू : कुंजुमवरनं खाली उतरताना घड्याळ बघून गाडी चालवा

हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यात मनालीकडनं शिरायचं का शिमल्याकडनं, यावर आमच्यात लै वाद झाला, शेवटी शिमला-कल्पा-नाको-ताबो असं हळूहळू चढत स्पितीतलं मुख्य गाव काझाला गेलो आणि तेच बरोबर ठरलं. आपण कोल्हापूरची माणसं साडेपाचशे मीटरवर राहणारी, मनालीतनं निघून त्याच दिवशी ४३०० मीटरच्या आसपास चंद्रताल तलावाकडं झोपायला गेलं की डोकं ठणकतंच. शिमला-किन्नौरकडनं गेलं की अंगाला सवय होत जाते, फक्त खराब रस्ता शेवटी येतो.

काझात टाकी फुल्ल करा, अर्धी आहे, भागंल असं म्हणू नका. पुढं कुंजुम खिंड, बातल, छतडू, ग्रामफू (इथं हा रस्ता मनाली-लेह रस्त्याला मिळतो) कुठंच पंप नाही. लोसरपर्यंत रस्ता बरा आहे, तिथं चेकपोस्टवर नोंद करायची आणि मग चढ सुरू. कुंजुम साडेचार हजार मीटरच्या वर, हवा विरळ, गाडीचा दम निम्मा झाल्यासारखा वाटतो, डिझेल स्कॉर्पिओ असूनही मेव्हणा दुसऱ्याच्या वर गिअर टाकंना. मागच्या सीटवर भडंगाचं पाकीट इतकं फुगलं की पोरगी त्याला हात लावायला भ्यायली. वर कुंजुम मातेचं देऊळ आहे, गाड्या देवळाला प्रदक्षिणा घालून मगच पुढं जातात, आम्ही पण घातली. इथं स्पितीची हद्द संपून लाहौल लागतं, आणि डांबर पण इथंच संपलं म्हणा.

आता मुख्य मुद्दा. खाली चंद्रा नदीच्या कडंनं बातल ते ग्रामफू पन्नासेक किलोमीटर आहे, त्याला चार तास धरा. खड्डे आहेतच, पण खरा त्रास नाल्यांचा. वरचा बर्फ उन्हानं वितळला की दुपारनंतर पाणी रस्त्यावरनं जोरात वाहतं, पहाटे तेच नाले घोट्याएवढे असतात. आपल्याकडं पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं (२०१९, २०२१ आठवत असंल) की दिवसच्या दिवस हलत नाही, इथलं पाणी रोज चढतं आणि रोज उतरतं. म्हणून काझातनं सकाळी निघून त्याच दिवशी मनाली गाठायचा प्लॅन करू नका, कारण बातलला दुपार होते आणि सगळ्यात वाईट वेळेला तुम्ही नाल्यात असता. चंद्रतालला मुक्काम टाका, सकाळी सहाला गाडी सुरू करा. तलाव रामसर यादीत (जपायच्या पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी) आहे त्यामुळं काठावर तंबू चालत नाहीत, कॅम्प अलीकडं आहेत. तिथं जाणारा फाटा अरुंद आहे, समोरनं गाडी आली की रिव्हर्स घ्यावाच लागतो, ज्याला रिव्हर्स जमतो त्यालाच स्टिअरिंगवर बसवा.

नाल्यात घालायच्या आधी थांबा. एसटीसारखी तिथली सरकारी बस किंवा ट्रक येऊ दे, त्याची चाकं कुठनं जातात बघा आणि त्याच रेषेत जा. पहिला गिअर, एकसारखा अ‍ॅक्सिलेटर, पाण्यात क्लच दाबायचा नाही. छोटा दारा नावाच्या ठिकाणाच्या अलीकडं एका नाल्यात पाण्याखालचे गोल दगड सम्प गार्डला (इंजिनखालच्या पत्र्याला) घासताना ऐकू येत होते, मेव्हणा गप्प, आम्ही सगळे गप्प, गाडी आपली रांगत पलीकडं. पलीकडं गेल्यावर दोन-तीनदा हलका ब्रेक दाबून घ्या, ओले पॅड धरत नाहीत.

टायरची हवा वीसपर्यंत उतरवा असं यूट्यूबवर सांगतात, तसलं काही करू नका, खडे धारदार आहेत, साइडवॉल फाटली की पंक्चर किट पण कामाचं नाही. दोन-चार पॉइंट कमी केले तेवढं बास. स्टेपनीची हवा घरनंच तपासून न्या. क्लिअरन्स कमी असलेली सेडान मी तरी नेणार नाही, गेलेले दिसले, पण प्रत्येक नाल्याला चौघं उतरून चालत होते.

बातलच्या ढाब्यावर राजमा-चावल मिळतो, गरम असतो, सोबत खर्ड्याची बाटली असली तर दोन ताटं जातात. काझाच्या पुढं फोनच्या रेंजवर भरवसा ठेवू नका, घरी आधीच सांगून ठेवा. रस्ता साधारण जूनमध्ये उघडतो आणि ऑक्टोबरच्या पुढं भरवशाचा नाही.

ग्रामफूनंतर कोकसरकडनं अटल बोगद्यात शिरलं की नऊ किलोमीटर गुळगुळीत. तरी मनालीत गाडी रॅम्पवर चढवून खालचे नट-बोल्ट, सायलेन्सरचे हँगर आणि अलाइनमेंट बघून घ्याच, पुढं कोल्हापूर दोन हजार किलोमीटरच्या वर आहे.